ओठावरचा व्रण आणि टाळूवरचा व्रण : यवतमाळकडच्या एका लेकीचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यातलं एक घर. पाच एकर कोरडवाहू शेती; घरात आजी, मुलगा आणि सून. मुलगा हंगामात जिनिंगवर कामाला जातो. सुनेचं हे पहिलंच बाळंतपण. मार्च २०२४ मध्ये मुलगी झाली. वजन २ किलो ४०० ग्रॅम, रडणं जोरकस, आणि डाव्या बाजूचा वरचा ओठ थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. हिरडीही तिथेच तुटलेली आणि टाळू पुढून पडजिभेपर्यंत उघडी. म्हणजे एका बाजूचा पूर्ण दुभंग. तो डावीकडे जास्त आढळतो. हृदय तपासलं, ठीक होतं. बोटं, कान, पाठ, सगळं व्यवस्थित. खालच्या ओठावर खळ्या नव्हत्या. त्या मी आवर्जून पाहते, कारण त्या असल्या तर दुभंग एका विशिष्ट जनुकातल्या दोषामुळे आलेला असू शकतो आणि मग पुढच्या बाळाचा हिशेब पार बदलतो.

मी प्लास्टिक सर्जन आहे. जगात साधारण सातशे बाळांमागे एक बाळ असं जन्मतं, त्यामुळे या मुलीचे उपचार आमच्यासाठी रोजचेच. लिहायला बसले ते तिच्या वडिलांनी विचारलेल्या एका प्रश्नासाठी: आईच्या पोटातच, डाग न राहता शिवता आलं असतं का? तो प्रश्न त्यांनी ओठाबद्दल विचारला होता. त्याचं खरं महत्त्व टाळूसाठी आहे, आणि आमच्याकडची निम्मी लढाई तिथेच अडते. घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे. नावं आणि गाव दिलेलं नाही.

पहिले काही आठवडे

ओठ फाटलेला म्हणून बाळाला ओढता येत नाही, असं बहुतेकांना वाटतं. खरी अडचण टाळूची असते. तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदाच नसला की तोंडात हवेची ओढ तयार होत नाही. बाळ चोखत राहतं, दमतं, झोपी जातं, पण पोटात काही जात नाही. जे जातं त्यातलं थोडं नाकावाटे बाहेर येतं, आणि ते पाहून घरचे घाबरून पाजणंच कमी करतात.

आशाताई तिसऱ्या दिवसाच्या गृहभेटीला गेल्या तेव्हा आजी कापसाच्या बोळ्यानं पाणी घातलेलं गाईचं दूध पाजत होत्या. आशाताईंनी आईचं दूध पिळून काढायला शिकवलं आणि घरातलंच जुनं बोंडलं उकळून घ्यायला लावलं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच गालाच्या आतल्या बाजूला, धार बारीक, मध्ये मध्ये थांबून ढेकर. इतकंच. दुभंग असलेलं बाळ शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतं ते अशा हातांमुळे, हे मी माझ्या निवासी डॉक्टरांना दरवेळी सांगते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं मुलीला आमच्याकडे पाठवलं तेव्हा ती दहा आठवड्यांची होती. वजन ३ किलो ३००, हिमोग्लोबिन ८.४. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी जुना सोपा आडाखा दहाचा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. वय भरलं होतं, बाकी दोन्ही नव्हतं. तारीख पुढे ढकलली, लोहाचं औषध सुरू केलं आणि आईला चिकटपट्टी लावायला शिकवलं. एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत, दुभंगाच्या दोन्ही कडा जवळ ओढून, कागदी पट्टी. रोज बदलायची, गालाची कातडी लाल झाली की जागा सरकवायची. कडा जितक्या जवळ येतील तितका पुढे टाक्यांवरचा ताण कमी, आणि ताण हाच व्रणाचा सगळ्यात मोठा मित्र.

गिऱ्हान

पहिल्याच भेटीत आजींनी सुनेसमोर सांगितलं, "म्याडम, इनं गिऱ्हानात चिरलं. मी नको म्हनलं होतं."

सून खाली मान घालून बसली होती. गरोदर बाईनं ग्रहणात चिरलं-कापलं की बाळाचा ओठ फाटतो, हे विदर्भातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात मानलं जातं. ओठ शिवून होतो, पण हा आरोप त्या बाईच्या अंगाला चिकटून राहतो. म्हणून मी त्याला कधी हसण्यावारी नेत नाही आणि नुसतं 'अंधश्रद्धा आहे' म्हणून सोडूनही देत नाही. तारखा मांडते.

ग्रहण होतं २८ ऑक्टोबर २०२३ चं, कोजागिरीच्या रात्रीचं खंडग्रास चंद्रग्रहण. प्रत्यक्ष ग्रहण रात्री एकनंतर लागलं आणि सव्वा तासात सुटलं. तेव्हा सून झोपलेली होती. पण वेध दुपारपासून, आणि दिवसभर कापूस वेचून आल्यावर तिनं संध्याकाळी विळीवर वांगी चिरली होती. आजींच्या लेखी गुन्हा तोच.

केसपेपरच्या मागे मी महिने लिहिले. शेवटची पाळी जूनच्या पहिल्या आठवड्यात. गर्भ राहिला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. चेहऱ्याचे वेगवेगळे उंचवटे पुढे सरकून वरचा ओठ जुळतो तो गर्भधारणेपासून सातव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे इथे ऑगस्टच्या सुरुवातीला. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास ते आडवे होतात आणि बाराव्यापर्यंत मधोमध जुळतात. म्हणजे सप्टेंबरचा मध्य. कोजागिरीला या बाळाचा ओठ आणि टाळू जसे व्हायचे तसे होऊन गेले होते. ओठाला तर तेव्हा अडीच महिने उलटले होते.

आजींनी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. मग म्हणाल्या, "मंग कायनं झालं?"

याचं उत्तर सरळ द्यावं लागतं. काही अनुवंशानं, काही त्या आठवड्यांतल्या परिस्थितीनं, आणि बहुतेक घरांत नेमकं एक कारण दाखवता येत नाही. सिगारेट, फिट्सची काही औषधं, फॉलिक आम्लाची कमतरता यांचा संबंध अभ्यासांत दिसतो. या सुनेच्या बाबतीत यातलं ठळक काही नव्हतं. वांगी चिरण्याचा तर नव्हताच नव्हता.

"पोटातच शिवलं असतं काय?"

हा प्रश्न वडिलांचा. बारावी झालेला, शांत माणूस. मोबाइलवर त्यानं पाहिलं होतं की आईच्या पोटात बाळाला झालेली जखम व्रण न ठेवता भरते. त्याच्या मनात एक सल होता. ऑक्टोबरच्या मध्यावर, एकोणिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली होती. बाळानं पाठ केलेली, चेहरा नीट दिसला नाही, पुन्हा या असं सांगितलं होतं. तेवढ्यात कापूस फुटला, मग दिवाळी आली आणि जाणं राहून गेलं. "तेव्हा दिसलं असतं त पोटातच शिवलं असतं काय? डाग राह्यला नसता न?"

त्यानं जे पाहिलं होतं ते खरं आहे. १९७९ मध्ये रोलॅट यांनी वीस आठवड्यांच्या मानवी गर्भातल्या जखमेची नोंद केली. ती प्रौढांत दिसतो तसा दाह न होता भरली होती. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मायकेल हॅरिसन आणि त्यांचे सहकारी गर्भावर शस्त्रक्रिया करू लागले. त्यांच्याबरोबरच्या स्कॉट ॲडझिक आणि मायकेल लाँगेकर यांनी मेंढीच्या गर्भांवर हा विषय बारकाईनं तपासला. मेंढी साधारण १४५ दिवसांत विते. मधल्या काळात गर्भाच्या कातडीवर काप घेतला तर जन्मानंतर तो सापडत नाही, केसांची मुळंसुद्धा परत आलेली असतात. १२० दिवसांच्या आसपास ही ताकद जाते. माणसात ती साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत असते.

का, याचं थोडकं उत्तर असं. मोठ्या माणसाच्या जखमेत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, दाह होतो, आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी घाईघाईनं कोलॅजेन ओतून फट बुजवतात. गर्भाच्या जखमेत ही गर्दी फार कमी असते, हायलुरोनिक आम्ल भरपूर असतं, आणि टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या प्रकारांचं प्रमाण वेगळं असतं: पहिला प्रकार कमी, तिसरा जास्त. फरक शेवटी विणीत दिसतो. साबूत कातडीत कोलॅजेनचे धागे बुरडाच्या टोपलीसारखे एकमेकांत विणलेले असतात. व्रणात ते पऱ्हाटीच्या भाऱ्यासारखे एकाच दिशेनं आवळून बांधलेले. गर्भ टोपली पुन्हा विणतो. आपण भारा बांधतो.

वडिलांना वाटत होतं की जादू गर्भजलात आहे. संशोधकांनाही सुरुवातीला तशीच शंका होती, आणि तिचा निकाल दोन सुंदर प्रयोगांनी लावला. प्रौढ मेंढीची कातडी गर्भातल्या कोकरावर लावली आणि तिथे काप घेतला. भोवती तेच गर्भजल, तरी व्रण पडला. उलट मानवी गर्भाची कातडी प्रौढ उंदराच्या कातडीखाली रोवली. तिथे गर्भजलाचा थेंब नाही, तरी जखम व्रणाशिवाय भरली. म्हणजे गुण पाण्यात नसून त्या पेशींच्या वयात आहे. हे मी वडिलांना मुद्दाम सविस्तर सांगितलं. गुण पाण्यात असता तर कुणीतरी उद्या ते बाटलीत भरून विकायला आणलं असतं, आणि असे बाप ते कर्ज काढून घेतात.

गर्भातही सगळं व्रणाशिवाय भरतं असं नाही. श्वासपटलावर आणि आतड्यावर व्रण राहतो. जखम मोठी असली तर कातडीवरही राहतो.

मग ओठ-टाळूचं काय? ते प्रयोग झाले आहेत. उंदरांत आणि कोकरांत गर्भावस्थेत ओठ शिवून पाहिला. व्रण दिसला नाही. माझ्या दृष्टीनं सगळ्यात बोलका प्रयोग शेळ्यांवरचा आहे. अमेरिकेत जेफ्री वाइन्झ्वाइग यांच्या गटानं गाभण शेळ्यांना बत्तिसाव्या ते एक्केचाळिसाव्या दिवसापर्यंत तंबाखूच्या कुळातलं निकोटियाना ग्लॉका हे झुडूप खायला दिलं. त्यातल्या ॲनाबासीन या द्रव्यानं गर्भाची हालचाल मंदावते, जीभ खाली येत नाही, आणि मध्येच अडलेल्या जिभेमुळे टाळूचे पडदे जुळत नाहीत. अशी दुभंगलेली टाळू त्यांनी पंच्याऐंशीव्या दिवशी, पोटातच, शिवली. करडं जन्मली तेव्हा टाळूवर व्रण नव्हता.

शेळीला जमलं, मग बाईला का नाही? इथे मी आवाज थोडा चढवून बोलले, कारण खोलीत ती बाई बसली होती आणि तोवर तिचा कुणी विचारच केला नव्हता. गर्भावर उघडी शस्त्रक्रिया म्हणजे आधी आईचं पोट आणि गर्भाशय कापणं. पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांसाठी ती करतात, कारण तिथे पायांची ताकद आणि मेंदूतलं पाणी यांचा सवाल असतो. त्याची मोठी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळांचा फायदा झाला, पण पोटात शस्त्रक्रिया झालेली बाळं सरासरी ३४ आठवड्यांतच जन्मली. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांची सरासरी ३७ च्या वर होती. आईच्या गर्भाशयावर जी शिवण पडते ती पुढच्या बाळंतपणात फाटण्याचा धोका राहतो, म्हणून पुढचं प्रत्येक बाळंतपण सिझेरियननंच करावं लागतं. दुभंगलेल्या ओठानं जीव जात नाही. तो जन्मानंतर चांगला शिवता येतो. बाळाच्या ओठावरची एक रेघ वाचवायला आईच्या गर्भाशयावर व्रण द्यायचा आणि बाळाला सहा आठवडे आधी जगात आणायचं, हा सौदा मला मान्य नाही. दुभंगासाठी ही पद्धत उपचार म्हणून रुजलेली नाही, ती याच कारणानं.

त्या सोनोग्राफीत दुभंग दिसला असता तर फायदा एकच झाला असता, आणि तो लहान नाही: पहिल्या दिवसापासून बोंडलं तयार असतं आणि घर सावरलेलं असतं.

जन्मानंतरच्या जखमेलाच गर्भासारखं वागायला लावण्याचे प्रयत्नही झाले. मँचेस्टरमधले मार्क फर्ग्युसन टाळू कशी जुळते याचा अभ्यास करणारे. त्यातूनच ते व्रणाच्या प्रश्नाकडे वळले. टीजीएफ-बीटाचा तिसरा प्रकार ज्या उंदरांत नसतो ती उंदरं दुभंगलेली टाळू घेऊन जन्मतात, हे १९९५ मध्ये दिसलं होतं. टाळू जुळवणारं आणि व्रण आवरणारं प्रथिन एकच निघावं, याचं मला आजही नवल वाटतं. त्याचं इंजेक्शन त्यांच्या रेनोवो कंपनीनं बनवलं, सुरुवातीच्या चाचण्या आशादायक होत्या, पण २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते अपयशी ठरलं. अलीकडे स्टॅनफर्डला लाँगेकर यांच्या गटानं दाखवलं की फायब्रोब्लास्टना ताण जाणवला की त्या व्रण बनवणाऱ्या पेशी होतात; तो संदेश औषधानं अडवला तर उंदराची जखम केसांसकट भरते. २०२१ सालचं हे काम. माझ्या टेबलापर्यंत औषध पोचलेलं नाही, पण ताणाची गोष्ट पोचली आहे, आणि ती त्या कागदी चिकटपट्टीपासून सुरू होते.

ओठ

साडेपाचव्या महिन्यात वजन ५ किलो १००, हिमोग्लोबिन १०.६. भूल दिली, ओठ शिवला. पद्धत मिलार्ड यांची, १९५० च्या दशकातली, त्यात पुढे झालेल्या सुधारणांसह. दुभंगाच्या आतल्या बाजूचा ओठ वर खेचलेला असतो, तो फिरवून खाली आणायचा. बाहेरच्या बाजूचा तुकडा सरकवून त्या मोकळ्या जागेत बसवायचा. शिवण पडते ती नाकाखालच्या पन्हळीच्या कडेवर, जिथे निसर्गत:च उंचवटा आणि सावली असते. व्रण टाळता येत नसेल तर तो लपेल अशा जागी ठेवायचा. कातडीखालचा ओठाचा गोल स्नायू सोडवून नीट आडवा जोडला की सगळा ताण त्याच्यावर जातो आणि कातडीचे टाके नुसते टेकलेले राहतात.

सहा आठवड्यांनी आजी रागावून आल्या. "बिघडलं, म्याडम. वर ओढला." रेघ लाल, कडक, आणि ओठ खरंच थोडा वर ओढलेला. हे त्या वेळी व्हायचंच. जखमेची ताकद तीन आठवड्यांत मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी असते, तीन महिन्यांत ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते आणि त्यापुढे फारशी वाढत नाही. ही बांधणी चालू असताना व्रण आवळतो. मग सहा महिने ते वर्षभर सैल पडत जातो. मालिश सांगितलं होतं, आजी जवसाच्या तेलानं करत होत्या. तेल कुठलंही चालतं, काम बोटांचं आहे. मात्र दुकानातून आणलेली डाग घालवायची एक मलम ट्यूब मी ठेवून घेतली. तिच्यात स्टेरॉइड होतं आणि बाळाच्या ओठावर ते रोज चोळणं म्हणजे कातडी पातळ करणं.

दहाव्या महिन्यात रेघ फिकट, मऊ. खालचा ओठ उलटावा तसा वरचा ओठ उलटून पाहिला, तर आतल्या गुलाबी भागातली शिवण शोधूनही सापडेना. तोंडाच्या आतलं अस्तर मोठेपणीही कातडीपेक्षा लवकर आणि कमी व्रणानं भरतं. गर्भाच्या गुणाचा काही अंश तिथे उरलेला असतो म्हणा.

घरचे खूश होते. पेढे आणले. मी टाळूची तारीख दिली.

टाळू

आणि ते आले नाहीत.

हे आमच्याकडे सतत होतं. ओठ शिवला की मूल चारचौघांसारखं दिसतं, बारशाचे राहिलेले फोटो निघतात, आणि तोंडातलं भोक कुणाला दिसत नाही. मध्ये दिराचं लग्न होतं, मग पेरणी लागली. एसटीनं येणं-जाणं आणि दवाखान्यात राहणं म्हणजे दोघांची मजुरी बुडते. या घराला निष्काळजी म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण टाळू नऊ महिने ते दीड वर्ष या वयात शिवायला हवी, कारण त्याच काळात बोलणं आकार घेतं.

त्यांना परत आणलं ते मुलीच्याच बोलण्यानं. सतराव्या महिन्यात ती बापाकडे पाहून "मामा" म्हणायची. गावात हसण्याचा विषय झाला. "बापालेच मामा म्हनते." आईला मात्र कळलं होतं की मुलगी ओठ मिटून, जोर लावून, "बाबा"च म्हणते आहे. ब म्हणताना मिटलेल्या ओठांमागे हवा कोंडावी लागते, आणि त्यासाठी मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करते. वाट बंदच होत नसेल तर हवा नाकातून निसटते आणि ब चा म होतो. मी तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला. "बाबा म्हण." आरसा धुकटला. वडील तो आरसा बघत राहिले. ओठावरच्या व्रणाबद्दल इतके प्रश्न विचारणाऱ्या माणसानं तेव्हा एकच विचारलं, "उद्या होईल काय?"

दुसऱ्या दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात केलं. मऊ टाळूचे स्नायू दुभंगात उभे, चुकीच्या जागी, हाडाच्या मागच्या कडेला चिकटलेले असतात. ते सोडवून आडवे, मागे, एकमेकांना जोडायचे; टाळू उचलण्याचं काम त्यांचं. पुढची कठीण टाळू झाकायला दोन्ही बाजूंचं अस्तर हाडावरून सोडवून मधोमध आणावं लागतं. ते मध्ये आलं की दातांच्या बाजूला हाड उघडं राहतं. तिथे टाके नसतात. ती जागा आपली आपण भरते, आणि भरते ती व्रणानं.

आजवर मी व्रण म्हणजे दिसण्याचा प्रश्न असं समजणारी शेकडो माणसं पाहिली. टाळूवरचा व्रण वेगळंच करतो. तो घट्ट पट्ट्यासारखा वाढत्या जबड्याला धरून ठेवतो. दाताची कमान अरुंद होते, वरचा जबडा मागे राहतो, आणि बारा-पंधरा वर्षांच्या वयात खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. श्रीलंकेत मायकेल मार्स यांनी, ज्यांच्यावर कधी शस्त्रक्रियाच झाली नाही अशा मोठ्या रुग्णांचे जबडे मोजले आणि १९९० मध्ये मांडले: त्यांची वरच्या जबड्याची वाढ बऱ्यापैकी नैसर्गिक होती. म्हणजे वाढ खुंटते ती मुख्यत: आम्ही केलेल्या जखमेमुळे. तरी टाळू शिवायची, कारण न शिवलेल्या टाळूचं मूल आयुष्यभर कुणाला नीट समजेल असं बोलू शकत नाही. लवकर शिवावं तर बोलणं सुधारतं आणि वाढीला मार बसतो. उशिरा शिवावं तर उलट. दुभंगाच्या शस्त्रक्रियेतला सगळ्यात कठीण निर्णय हा आहे.

म्हणून गर्भातल्या जखमेचं हे सगळं विज्ञान खरं कामाचं आहे ते इथे, टाळूवर. शेळ्यांवर तो प्रयोग टाळूसाठीच केला गेला. आणि नेमकी टाळूच सोनोग्राफीत सगळ्यात अवघड दिसते. व्रण आवरणारं औषध येईल तेव्हा येईल. तोवर आम्ही उघडं हाड जितकं कमी ठेवता येईल तितकं कमी ठेवतो, अस्तर ताण न देता आणतो, आणि मूल वेळेवर यावं म्हणून आशाताईंना फोन करत राहतो.

शस्त्रक्रियेनंतर हात तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या, आणि काही आठवडे पातळ खाणं: पेज, ताक, वरणाचं पाणी. कानही तपासले. या मुलांत कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं, कारण कानाची नळी उघडणारे स्नायू टाळूचेच असतात. एका कानात होतं, नळी बसवली.

आत्ताची स्थिती

शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी, पावणेदोन वर्षांची असताना, टाळू पूर्ण बंद, भोक नाही. दोन्ही कडांना पांढुरके, बोटाला कडक लागणारे पट्टे आहेत. तेच ते व्रण. आरसा आता पुसट धुकटतो. "बाबा" कधी नीट येतं, कधी म कडे झुकतं. क आणि ग च्या जागी ती घशात अडकवलेला आवाज काढते, ही टाळू उघडी असतानाची सवय. ती आपोआप जात नाही, वाचा उपचारतज्ज्ञाकडे शिकवूनच घालवावी लागते. शेजाऱ्यांनी फुगे फुगवायला सांगितलं होतं. त्यानं बोलणं सुधारत नाही. आवाज आवाजानंच शिकावे लागतात. आजी रोज तिला ओठ दाखवून "पाय, पोळी, पाटी" म्हणायला लावतात. आरशाची परीक्षा त्या घरीही घेतात.

पुढचं वेळापत्रक लांब आहे. आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान, सुळा यायच्या आधी, हिरडीच्या फटीत कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. दात सरळ करणं त्याच्या मागेपुढे. वरचा जबडा फारच मागे राहिला तर वाढ संपल्यावर, सोळा-अठराव्या वर्षी, तो पुढे आणण्याची शस्त्रक्रिया. हे सगळं मी वडिलांना लिहून दिलं आहे, म्हणजे 'ओठ झाला, संपलं' असं पुन्हा होऊ नये.

शेवटच्या भेटीत सुनेनं स्वत:हून विचारलं, पहिल्यांदाच: दुसऱ्या बाळाला होईल का? आईवडील दोघेही ठीक असताना एका बाळाला दुभंग असेल तर पुढच्याला होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच. फॉलिक आम्लाचा फायदा पाठीच्या कण्याच्या व्यंगासाठी पक्का सिद्ध झाला आहे, ओठ-टाळूसाठी पुरावा तितका पक्का नाही. पण गोळी स्वस्त आहे आणि सुरक्षित आहे. अडचण वेळेची. गोळ्या मिळतात नोंदणीनंतर, नोंदणी होते दुसरा-तिसरा महिना उलटल्यावर, आणि ओठ तर त्याआधीच जुळून गेलेला असतो. म्हणून मूल हवं असं ठरलं की लगेच, पाळी चुकण्याची वाट न पाहता, गोळी सुरू करायला सांगितलं. आशाताईंना तसा निरोप दिला आहे. सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिताना त्यात 'चेहरा आणि वरचा ओठ नीट पाहावा, न दिसल्यास आठ दिवसांत पुन्हा बोलवावं' असंही लिहायचं ठरलं आहे, आणि ती पुन्हाची फेरी कापूस वेचणीत आली तरी चुकवायची नाही, हे आजींनी कबूल केलं आहे.